'कर्ज'ची धून सुरात वाजते, मग काटा का येत नाही?

गेल्या आठवड्यात क्लास सुटताना एका विद्यार्थ्याने दोन प्रश्न एकदमच विचारले. पहिला असा : "सर, 'कर्ज'मधल्या 'एक हसीना थी'चा सुरुवातीचा गिटारचा पीस मी नोटेशनप्रमाणे चोख वाजवतो. एक सूर इकडचा तिकडे होत नाही. तरी ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येत नाही. रेकॉर्ड लावली की येतो. माझं काय चुकतं?" आणि दुसरा : "ही धून मुळात जॉर्ज बेन्सन या अमेरिकन गिटारवादकाची आहे म्हणतात. मग आपण तिचं एवढं कौतुक का करायचं?"

दाराशी उभं राहून उत्तर देण्याजोगे हे प्रश्न नव्हते, म्हणून सवडीने लिहितो आहे. मी १९८२ पासून ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. हा पीस वाजवला नाही असा गणेशोत्सव गेल्याचं मला आठवत नाही. पहिली दोन वर्षं मीही तो तुझ्यासारखाच वाजवत होतो, सुरात आणि कोरडा.

तू पीस शिकलास, पण सिनेमा पाहिला आहेस का? अख्खा, सुरुवातीपासून? तुझ्या वयाच्या मुलांनी बहुतेक फक्त गाणी पाहिलेली असतात. हा पीस गाण्याच्या आधी सिनेमाचा आहे, म्हणून आधी गोष्ट सांगतो.

'कर्ज' आला जून १९८० मध्ये. दिग्दर्शक सुभाष घई. जन्म नागपूरचा, शिक्षण पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, तेही अभिनयाचं. 'कालीचरण', 'विश्वनाथ' हे त्यांचे सिनेमे आधी येऊन गेले होते, पण स्वतःच्या 'मुक्ता आर्ट्स' या संस्थेचा हा पहिला सिनेमा. गोष्ट थोडक्यात अशी : रवी वर्मा (राज किरण) खलनायक सर जुडाविरुद्धचा इस्टेटीचा खटला जिंकतो आणि ज्या कामिनीवर (सिमी गरेवाल) त्याचा जीव जडलेला आहे तिच्याशी लग्न करतो. ती मुळात सर जुडाचीच माणूस. आईला आणि बहिणीला भेटायला निघालेला रवी वाटेत कालीमातेच्या देवळापाशी हात जोडायला उतरतो आणि कामिनी त्याच्या अंगावर जीप घालते. इकडे त्याची म्हातारी आई (दुर्गा खोटे) देवीला दूषण देते, माझा मुलगा परत दे म्हणते. वीस-एक वर्षांनी माँटी (ऋषी कपूर) नावाचा एक अनाथ, आता नावारूपाला आलेला गायक, गिटारवर एक ठरावीक धून वाजवतो आणि त्याच्या डोळ्यांपुढे एक खून दिसू लागतो. तो कुणाचा, कुठला, त्याला काही कळत नाही. पुढे उटीला गेल्यावर तेच देऊळ, तोच रस्ता समोर येतो.

आता नीट लक्ष दे. या कथेचं मूळ हॉलिवूडच्या 'द रीइन्कार्नेशन ऑफ पीटर प्राउड' या १९७५ सालच्या सिनेमात आहे, हे जगजाहीर आहे. पण त्यातला नायक प्राध्यापक आहे, वादक नाही. त्याला गतजन्म दिसतो तो स्वप्नांत. आणि शेवटी ती बाई त्याला दुसऱ्यांदा ठार मारते. म्हणजे तिथे सूड नाही, आईचं देणं नाही आणि गिटारही नाही. हिंदीत येताना घईंनी त्यात दोन गोष्टी घातल्या, आई आणि धून. आईमुळे गोष्टीला सुडाचं कारण मिळालं आणि धुनीमुळे सुडाचं हत्यार. माझ्या मते 'कर्ज' उभा आहे तो या दोन भरींवर. पुनर्जन्म आपल्याकडे नवा नव्हताच. १९५८ च्या 'मधुमती'त दिग्दर्शक बिमल रॉय आणि संगीतकार सलील चौधरींनी तो असा मांडून ठेवला होता की पुढच्या प्रत्येकाला त्याच पायवाटेने जावं लागलं. तिथेही गुन्हेगाराला कबुली द्यायला लावतात ती मेलेली बाई जिवंत समोर उभी केल्याचा भास निर्माण करून. 'कर्ज'ने तीच युक्ती घेतली, पण भासाच्या जागी गाणं ठेवलं.

जाता जाता नावाबद्दल. मराठीत कर्ज म्हटलं की आपल्याला बँक आणि सातबारा आठवतो. आईबापाचं असतं त्याला आपण ऋण म्हणतो. कर्ज फेडतात, ऋण फिटत नाही. सिनेमाच्या नावात जो अर्थ आहे तो आपल्या ऋणाजवळचा आहे, आणि ते ध्यानात ठेवलं तर दुर्गाबाईंचे प्रसंग जास्त पोचतात.

तर माझी दोन कोरडी वर्षं. मी हा पीस कॅसेटवरून उचलला होता. आमच्या गावात तेव्हा थिएटर नव्हतं आणि सिनेमा लागून गेला तेव्हा मी परीक्षेत अडकलो होतो. कॅसेट मागे-पुढे करून करून तिची पट्टी सैल झाली, पण सगळे सूर बसले. कार्यक्रमात शिट्ट्या मिळायच्या. त्या शिट्ट्या मला मिळत नव्हत्या, गाण्याला मिळत होत्या, हे मला कळत नव्हतं. मग १९८४ च्या जत्रेत गावात टुरिंग टॉकीजचा तंबू आला आणि त्यात 'कर्ज' लागला. पुढे बसायला जमिनीवर ताडपत्री, मागे बाकडी, मधे प्रोजेक्टरची घरघर. बाहेर पाळणेवाल्याचा भोंगा. मी खांबाला टेकून उभा होतो.

माँटी ती धून वाजवतो. एक ओळ होते, आणि जिथे मी कॅसेटवर ऐकून लगेच पुढच्या ओळीला हात घालत असे, तिथे पडद्यावर जीपचे दिवे येतात. देऊळ येतं. बाईचा चेहरा येतो. मग पुन्हा बोटं, पुन्हा तारा, पुन्हा ओळ. त्या तंबूत मला पहिल्यांदा कळलं की या धुनीच्या दोन ओळींच्या मधे एक खून आहे. मी तो गाळून वाजवत होतो. नोटेशनमध्ये तो लिहिलेला नसतो. तिथे विरामाची खूण असते, आणि विराम म्हणजे थांबणं असं आपण धरतो. इथे तो आठवण्याचा वेळ आहे.

तुझं जे चुकतंय ते इथे चुकतंय, असं मला वाटतं. माझा अंदाज सांगतो, बरोबर आहे का बघ. तू ओळ संपवतोस ती पुढच्या ओळीच्या घाईत. मेट्रोनोमच्या, म्हणजे लयीचे ठोके देणाऱ्या यंत्राच्या, हिशेबाने तू बरोबर असतोस. पण ज्याला काहीतरी आठवतंय आणि काय ते कळत नाही, असा माणूस पुढचा सूर आधीपासून हातात घेऊन बसलेला नसतो. तो सूर त्याला सापडतो. ऐकणाऱ्याला ते सापडणं ऐकू यायला हवं.

आता हाताचं बोलू. पहिली गोष्ट, तू हा पीस तीन तारांवर पसरून वाजवतोस, कारण बोटांना सोपं पडतं. तसं केलं की प्रत्येक सुराचा रंग बदलतो. शक्य तेवढा एकाच तारेवर घे आणि बोट सरकवत जा. सरकताना तार सोडू नकोस, आणि सरकण्याचा आवाज फार दाबूही नकोस. आपल्याकडे मींड म्हणतात तीच ही गोष्ट, फक्त इथे ती थोडकी आणि खालच्या आवाजात हवी. सतारीसारखी ओढलीस तर भजन होईल. दुसरं, लांब सुरावर सुरुवातीपासून थरथर देऊ नकोस. सूर आधी सरळ उभा राहू दे, विझायला लागला की मग थोडी थरथर दे. तिसरं, प्लेक्ट्रम, म्हणजे तार छेडायची पट्टी, ब्रिजपासून (तारा गिटारच्या पोटावर टेकतात तिथून) दूर, गळ्याकडे सरकवून छेड. तिथे सूर गोल निघतो. टोन स्वच्छ ठेव, डिस्टॉर्शन, म्हणजे फाटल्यासारखा आवाज, अजिबात नको, इको अगदी नावाला. अलीकडे बरेच जण हा पीस रॉकसारखा किंचाळत वाजवतात. टाळ्या मिळतात त्यालाही. पण मग माँटी घाबरलेला वाटत नाही, आणि माँटी घाबरलेला नसेल तर कामिनीने कशाला घाबरायचं?

आणखी एक. ड्रमरला सांग की पहिल्या दोन ओळी हाय-हॅटच्या झांजांनासुद्धा हात लावू नको. आमचा एक ढोलकवाला होता, हात असा की झोपेतून उठवला तरी ठेका सोडणार नाही. त्याला या पीसमध्ये गप्प बसवायला मला एक अख्खा सीझन लागला. "मास्तर, मोकळं वाटतंय," म्हणायचा. मोकळं वाटायलाच पाहिजे. गाण्यातली ढोल-बेस-ब्रासची फौज जेव्हा आत येते तेव्हा तिला भरायला जागा लागते, आणि ती जागा गिटारने रिकामी ठेवलेली असते.

ही धून सिनेमात परत परत येते, पण दर वेळी तिचं काम बदलतं, हे बघ. सुरुवातीला ती माँटीचं दुखणं असते. डॉक्टरांपुढे जाण्याचा विषय. उटीत ती वाट दाखवते. आणि शेवटच्या कार्यक्रमात ती आरोपपत्र होते. सूर तेच. म्हणून कार्यक्रमात 'एक हसीना थी' वाजवताना सुरुवातीचा पीस आणि गाण्याच्या मधे येणारी तीच धून सारख्या वजनाने वाजवायची नाही. पहिल्यांदा विचारल्यासारखी, नंतर सांगितल्यासारखी.

गाण्याच्या शब्दांकडेही वादकाने बघायला हवं. आनंद बक्षींनी सुरुवात कशी केली आहे? एक सुंदरी होती, एक वेडा होता. आपल्याकडच्या 'आटपाट नगर होतं' या चालीवर. परीकथा. भूतकाळ, तिऱ्हाइताची गोष्ट, कुणाचं नाव नाही. सभागृहात बसलेल्या सगळ्यांना ती परीकथा वाटते आणि एकाच बाईला ती स्वतःची वाटते. त्यातच सगळी ताकद आहे. माँटीने मंचावर उभं राहून 'तू मला मारलंस' असं म्हटलं असतं तर ते भांडण झालं असतं. किशोरकुमार ते गाणं म्हणताना आवाज चढवत नाहीत हे ऐक. गोष्ट सांगणाऱ्याचा आवाज आहे तो, शांत आणि जरासा लांबचा. आशाताईंच्या वाट्याला ती सुंदरी येते, आणि त्यांच्या आवाजात लाडिकपणाच्या खाली थंडपणा आहे. जोडगाण्यांमध्ये दोन आवाज एकमेकांकडे झुकतात. इथे एक आवाज दुसऱ्याला फसवतो आहे, आणि दोघेही ते सुरात करतात. मंचावर ऋषी कपूर आणि टीना मुनीम तो खून परत घडवून दाखवतात, समोर सिमी गरेवाल. त्या बाईने त्या प्रसंगात चेहऱ्याचं काम किती कमी करून किती दाखवलं आहे! हॅम्लेटमध्ये राजापुढे नाटकातून त्याचाच गुन्हा उभा करतात, ती युक्ती जगभर वापरली गेली. पण गाण्यातून, तेही नाचता येईल अशा ठेक्यावर, ती एवढी नेमकी बसलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

आणि आवाजाचा आणखी एक खेळ या सिनेमात आहे, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं. प्रेमनाथांचा सर जुडा बोलत नाही. मुका आहे. तो काचेच्या ग्लासवर बोटांनी टकटक करतो आणि त्याचा साथीदार त्याचा अर्थ सांगतो. म्हणजे नायकाकडे सूर आहे, खलनायकाकडे फक्त ताल. ही योजना मुद्दाम केली की होऊन गेली याने काही बिघडत नाही, पण वादकाच्या कानाला ती जाणवते. तंबूत त्या टकटकीला लोक श्वास रोखायचे.

आता तुझा दुसरा प्रश्न. याचं उत्तर मी गुळमुळीत देणार नाही.

हो, धून घेतलेली आहे. जॉर्ज बेन्सनचा 'वीकेंड इन एल.ए.' हा १९७८ सालचा अल्बम काढ, त्यातला 'वुई अ‍ॅज लव्ह' ऐक. पहिल्या काही सेकंदांत तुला कळेल. याच सिनेमातल्या 'ओम शांती ओम' या गाण्याचंही तसंच. त्या घोषाच्या मागे त्रिनिदाद बेटावरच्या लॉर्ड शॉर्टी या गायकाचं गाणं आहे. श्रेय कुणालाच दिलं गेलं नाही, आणि ते द्यायला हवं होतं. त्या काळी सगळेच घेत होते, हे खरं असलं तरी माझ्या दृष्टीने ते उत्तर नव्हे. तू जेव्हा स्टेजवर हा पीस वाजवशील तेव्हा निवेदकाला बेन्सनचं नाव घ्यायला सांग. आमच्या ऑर्केस्ट्रात आम्ही काही वर्षांपासून तसं करतो, आणि त्याने लोकांचा आनंद कमी झालेला मी पाहिला नाही.

पण मग दोन्ही एकामागून एक ऐक, आणि घाई न करता ऐक. बेन्सनच्या तुकड्यात ऊब आहे. रात्री उशिरा, जवळच्या माणसाबरोबर बसल्याची. 'कर्ज'मध्ये त्याच सुरांना थंडी भरते. का? सूर तर तेच आहेत. बदलली आहे ती त्यांच्या भोवतीची जागा. व्हायोलिनचा ताफा सुराला आधार द्यायला येत नाही, मागून गाठायला येतो. आणि गोष्टीने त्या सुरांना एक माणूस मारल्याची आठवण चिकटवली आहे. तू बेन्सन ऐकलास की आता तुलाही देऊळ दिसेल, हे मी पैजेवर सांगतो. धून उसनी आहे, भीती उसनी नाही. कौतुक करायचं ते त्या भीतीच्या बांधणीचं.

लॉर्ड शॉर्टीची गोष्ट तर याहून लांबची आहे. त्रिनिदादला ऊसमळ्यांवर मजुरीसाठी नेलेल्या आपल्या गिरमिटिया लोकांनी ढोलक आणि धनताल (लोखंडी दांड्याचं तालवाद्य) तिथे नेले. तिथल्या कॅलिप्सो या गाण्याच्या प्रकारात ते ताल मिसळून शॉर्टीने सोका नावाचा प्रकार पुढे आणला. म्हणजे उत्तर प्रदेश-बिहारातून बोटीने गेलेला ठेका तिथून तबकडीवर बसून मुंबईत आला, आणि फिरत्या ग्रामोफोन रेकॉर्डच्या आकाराच्या मंचावर ऋषी कपूर त्यावर नाचले. मला हे कळलं तेव्हा मी ते गाणं वाजवताना ढोलकवाल्याला थोडी जास्त मोकळीक द्यायला लागलो. त्याचंच होतं ते.

बांधणी कुणाची, तेही सांगायला हवं. 'कर्ज'चे संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांची. लक्ष्मीकांत शांताराम कुडाळकर, आपला मराठी माणूस. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी जन्म म्हणून नाव लक्ष्मीकांत. वडील लवकर गेले, पार्ल्यात हलाखीत बालपण, आणि हातात मँडोलिन. प्यारेलाल रामप्रसाद शर्मा, वडील ट्रम्पेटवादक, त्यांचं वाद्य व्हायोलिन. दोघे भेटले ते मंगेशकर कुटुंबाच्या 'सुरील कला केंद्र' या मुलांच्या संस्थेत. प्यारेलाल व्हायोलिन शिकले अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे, गोव्यातल्या माजोर्ड्याच्या. 'अमर अकबर अँथनी'तलं ते नावाचं गाणं त्यांनाच केलेला नमस्कार आहे. मुंबईच्या स्टुडिओंत पाश्चात्त्य नोटेशन वाचणारे, ब्रास आणि व्हायोलिन वाजवणारे कितीतरी वादक गोव्याचे होते. हिंदी गाण्यातल्या त्या भरलेल्या वाद्यमेळामागे साळशेत-बारदेशच्या चर्चमधल्या संगीतशाळा आहेत, हे आपण विसरतो. पडद्यावर नाव येत नसे त्यांचं.

आणि ज्या गिटारबद्दल आपण बोलतोय ती वाजवली आहे गोरख शर्मा यांनी, प्यारेलालजींच्या धाकट्या भावाने. लक्ष्मी-प्यारेंच्या शेकडो गाण्यांत त्यांचा हात आहे. २०१८ साली ते गेले. ऋषी कपूरच्या हातात गिटार बघून पिढ्यान् पिढ्या मुलांनी गिटार घेतली, मीही त्यातलाच. आमच्यातल्या किती जणांना गोरखजींचं नाव ठाऊक होतं? मला स्वतःला ते कळायला पंधरा वर्षं लागली. म्हणून क्लासमध्ये मी या पीसच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात त्यांचं नाव लिहून देतो. तुझ्या कागदावरही आहे, बघ.

मला त्यांच्या वाजवण्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्यांनी केलेलं नाही ते. तेव्हा गिटारवर वेग दाखवायची फॅशन यायला लागली होती. जागा होती, संधी होती, गाणं गिटारवाल्याच्या नावाने ओळखलं जाणार हे दिसत होतं. तरी त्यांनी एक फालतू सूर घेतलेला नाही. मी १९८६ साली एका मोठ्या कार्यक्रमात या पीसला शेपूट म्हणून एक जलद तान जोडली होती, आठ दिवस घासून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमचे मुख्य वादक, वयाने वडिलांएवढे, मध्यंतरात जवळ आले आणि एवढंच म्हणाले, "ती बाई घाबरायच्या आत तू तिला मोकळी केलीस." त्यानंतर ती तान मी परत घेतली नाही. त्यांचं म्हणणं आजही मला शब्दशः खरं वाटतं. ताण वाढवत न्यायच्या जागी तानेने तो खर्च होऊन जातो.

बाकीच्या गाण्यांबद्दल थोडं. 'पैसा ये पैसा' ऑर्केस्ट्रात चालतं, पण मला त्यात फार काही सापडत नाही. 'मैं सोलह बरस की' लताबाईंनी पन्नाशीत गायलं आहे, आणि आवाज खरोखर सोळाचा आहे. 'ओम शांती ओम' हे प्रेक्षकांशी बोलणारं गाणं. गायकाने विचारायचं, लोकांनी ओरडून उत्तर द्यायचं. आपल्या गोंधळात, भारुडात हे आधीपासून आहे, त्यामुळे खेड्यातल्या कार्यक्रमात त्याला उठाव मिळायला कधीच वेळ लागला नाही.

'दर्द-ए-दिल'वर मात्र थांबायला हवं. अख्ख्या सिनेमात नायकाला किशोरकुमारांचा आवाज, आणि या एकाच गाण्याला मोहम्मद रफी. शब्द गझलेच्या वळणाचे, चाल आणि वाद्यं पूर्ण आधुनिक. ते दोन्ही एका श्वासात धरायचं म्हणजे रफीसाहेबच हवेत, हे ज्याला सुचलं त्याला दाद द्यायला हवी. किशोरदांच्या माँटीला स्टेज आहे, पब्लिक आहे. रफींचा माँटी प्रेमात पडलेला एकटा मुलगा आहे. सिनेमा जूनमध्ये लागला, ३१ जुलै १९८० ला रफीसाहेब गेले. त्या पावसाळ्यात हे गाणं रेडिओवर लागलं की घरातली मोठी माणसं बोलायची थांबायची, एवढं मला लख्ख आठवतं. मी तेव्हा शाळेत होतो.

तुला वाटत असेल असा सिनेमा तुफान चालला असेल. तसं झालं नाही. त्याच महिन्यात फिरोज खानचा 'कुर्बानी' आला, नाझिया हसनच्या 'आप जैसा कोई'ने सगळीकडे धुमाकूळ घातला, आणि 'कर्ज' मागे पडला. ऋषी कपूर यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे की या अपेक्षाभंगाने ते खचले, कॅमेऱ्यासमोर उभं राहणंही जड झालं होतं. गाण्यांनी मात्र वाट सोडली नाही. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांना फिल्मफेअर मिळालं, 'अमर अकबर अँथनी', 'सत्यम शिवम सुंदरम', 'सरगम' आणि मग 'कर्ज', असं ओळीने चौथं. पुढे १९८४ साली तमिळमध्ये कमल हासनने हीच गोष्ट केली. २००४ मध्ये श्रीराम राघवनने आपल्या सूडकथेला नावच 'एक हसीना थी' दिलं. २००७ च्या फराह खानच्या 'ओम शांती ओम'ची सुरुवात 'कर्ज'च्या त्या गाण्यानेच होते, आणि शेवटी खुन्यासमोर गाण्यातून खुनाची गोष्ट मांडायची ही युक्तीही तिथे जशीच्या तशी आहे. सिनेमा मागे पडतो आणि त्याच्या गाण्यांच्या नावांवर नवे सिनेमे उभे राहतात, असं फार थोड्यांच्या बाबतीत घडलं आहे.

घईंनी पुढे १९८३ च्या 'हीरो'त हेच सूत्र बासरीवर वापरलं, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, संगीत पुन्हा लक्ष्मी-प्यारे. ती धूनही गोड आहे आणि मला आवडते. पण ती बोलावणारी धून आहे. 'कर्ज'ची धून ओळख पटवणारी आहे. दोन्ही लागोपाठ वाजवून बघ, हाताला फरक कळेल. बासरीची धून पुढे झुकते, गिटारची मागे बघते.

आता रविवारी येताना असं कर. आधी सिनेमा बघ, रात्री, हेडफोन न लावता, घरातल्या मोठ्या आवाजावर. धून पहिल्यांदा येते तिथे प्रत्येक ओळीनंतर पडद्यावर काय येतं ते कागदावर लिहून काढ. फक्त नावं लिही : दिवे, देऊळ, चेहरा. मग मेट्रोनोम कपाटात ठेव आणि पीस एका तारेवर बसव. ओळ वाजव, सूर विझेपर्यंत हात तारेवर राहू दे, मनात कागदावरचा शब्द वाच, मग पुढची ओळ. पहिल्यांदा फार लांबल्यासारखं वाटेल. लांबू दे, कमी करणं नंतर जमतं. शेवटच्या सुरावर थरथर देऊ नकोस, तो तसाच सरळ सोड आणि हाताने तार बंद करू नकोस. मी क्लासचा पंखा बंद करून ठेवीन, म्हणजे तो सूर कुठे संपतो ते आपल्या दोघांनाही ऐकू येईल.